तिच्या हातचं बोरकूट

कडगंचीच्या फाट्यावर ती हिवाळाभर बोरं घेऊन बसते. माप भरताना एकेक बोर अंगठ्यानं दाबते, किडकं निघालं की न बघताच खांद्यावरून मागं भिरकावते. "किडकं देऊन तुमच्या शिव्या कामून खाऊ?" म्हणते.

घर तिचं बुद्धविहाराच्या मागं. आमच्याकडं तिची बोरं चालतात, तिनं शिजवलेलं-कुटलेलं चालत नाही. हे आम्ही कधी तोंडानं बोलत नाही.

मागच्या वर्षी तिनं वाळल्या बोरांचं, गूळ-मीठ घालून कुटलेलं बोरकूट डब्यात भरून दिलं होतं. "अक्कांना द्या, सर." माझ्या बायकोला ती अक्का म्हणते.

यंदा मीच आगाऊपणे विचारलं, "बोरकूट नाही का केलं?"

"केलंय की." तिनं तोच डबा उघडला आणि चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकलं. "तुमच्या घरामागं गटारीच्या कडंला बोरीचं झाड हाय न्हवं, तिथं वेचताना घावला डबा. भरलेलाच हुता. घासून घेतलाय."

"बायकोनं टाकला असेल," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाली, आणि माझं माप भरायला लागली. एकेक बोर दाबून, किडकं मागं टाकत.

डबा मीच टाकला होता, घरात पाऊल ठेवायच्या आधी.