बॅटरीची गाडी आणि दसऱ्याची मुदत

गाडी विकली गेली की पावती होते, नाही विकली गेली की किस्सा होतो. आमच्याकडे एकाच वर्षात इतके किस्से जमले की ठेवायला वेगळं गोदाम लागलं असतं!

दोन हजार सालानंतरचे दिवस. मी लग्न होऊन वर्ध्याला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी नुकतीच बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या कारची एजन्सी घेतली होती. मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, पाण्याच्या पंपांचं जुनं दुकान. त्यातला अर्धा भाग त्यांनी मुलाला दिला आणि सोबत मुदतही दिली. "दसऱ्यापर्यंत एक गाडी विकून दाखव. नाई तं गाडी वापस, अन् तू पंपाच्या काउंटरवर!"

मी कोपऱ्यात बसून माहितीपत्रकांच्या घड्या घालायची. आणि ऐकायची.

* * *

पहिलं गिऱ्हाईक जवळच्याच सिंदी मेघे गावचं. सोबत भरवशाचा मिस्त्री. त्यानं बॉनेट उघडलं, तर आत इंजिनच नाही! बिचारा बराच वेळ शोधत होता.

"याच्यात बिघडते काय?"

ह्यांनी छाती फुगवली. "ऑइल नाई, प्लग नाई, कार्बोरेटर नाई. बिघडाले काही हायच नाई!"

मिस्त्री मालकाकडे वळला. "चाला भाऊ. हे गाडी घेतली तं आपली भेटच होनार नाई."

* * *

पवनारचे एक शेतकरी शांतपणे सगळं ऐकून घेत होते. धूर नाही, पेट्रोल नाही, घरच्या प्लगवर चार्जिंग.

"आमच्या गावात लाइन आली का पयले पंप, मंग चक्की, मंग टीव्ही. तुमची गाडी चौथ्या नंबरवर," ते म्हणाले. "तिचा नंबर येते तवा लाइन गेलेली राह्यते!"

ते बोलत असतानाच आमच्या दुकानातला पंखा थांबला.

* * *

बाजारातल्या एका किराणावाल्या शेठना ह्यांनी चक्कर मारून आणली. शेठ खूश.

"धूर नाई?"

"अजिबात नाई."

"आवाज बी नाई?"

"बिलकुल नाई!"

शेठनी गॉगल खिशात ठेवला. "मंग म्या गाडी घेतली हे लोकायले कसं कळन?"

* * *

गिअर नाही, क्लच नाही, म्हणून मी चार दिवसांत चालवायला शिकले. म्हटलं, नव्या सुनेला जमतं हे लोकांनी पाहिलं तर गाडी किती सोपी आहे ते कळेल. बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. जवळजवळ ठरलेलं एक गिऱ्हाईक संध्याकाळी येऊन सांगून गेलं, "नको. हे तं बायकांची गाडी हाय."

मामाजींनी ह्यांच्यासमोर दसऱ्याचे उरलेले दिवस बोटांवर मोजले. दुसऱ्या दिवशी मी तीन फेऱ्या मारल्या.

* * *

दसऱ्याला दोन दिवस उरले. मामाजी टेप घेऊन आमच्या अर्ध्या भागात पंपांसाठी जागा मोजून गेले. तेवढ्यात कापड दुकानवाले एक काका आले, सोबत काकू.

काकांना सगळंच पटलं. रंगसुद्धा! शेवटी त्यांनी विचारलं, "नागपूरले जाते ना? आमची लेक तिथं दिली हाय."

"जाते न काका."

"अन् वापस?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "तिथं रातभर चार्ज करा लागते. मंग येते."

"रातभर? म्हणजे लेकीच्या घरी मुक्काम?" काका उठलेच. "दहा वर्षं झाले तिच्या लग्नाले. आमच्यात लेकीच्या घरचं पानी बी पेत नाई. सकाळी जातो, दिवस बुडाच्या आत वापस येतो. अन् आता तिच्या घरची लाइन भरून आनू?"

चपला घालून ते पायरी उतरलेसुद्धा. ह्यांनी माहितीपत्रकांचा गठ्ठा बांधायला घेतला.

काकू मात्र गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्याच होत्या. हळूच मला म्हणाल्या, "रातभर म्हणजे पक्कं ना, बाई? घंट्या-दोन घंट्यात नाई होत?"

"नाही काकू. कितीही घाई केली तरी रात्र लागतेच."

काकूंनी पदर खोचला आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, वापस या! मले हेच गाडी पाह्यजे!"