मावशीच्या घराची जुनी पांदण

मंडळी, आज संध्याकाळी मायसोबत मावशीच्या नव्या घरी निघालो. वाशिमच्या या बाजूले पहिले वावरं होती, आता प्लॉट पाडलेले लेआउटच लेआउट.

माय सवयीनं बैलगाडीच्या जुन्या पांदणीनं चालली अन् कंपाउंडच्या भिंतीशी थांबली. पलीकडं दुसरा लेआउट, तिथंच मावशी. मधात रस्ता कोणी ठेवलाच नाई. हायवेनं वळसा घ्या लागते.

फोडणीचा वास मात्र इकडं येऊन राह्यला होता. मायनं हाक मारली, तिकडून मावशीनं ओ देल्ली. मायनं आणलेला भाजीचा डबा भिंतीवरून तिकडं गेला. दोघी बहिणी एकमेकींले न दिसता बोलत राह्यल्या. मी डोळे मिटले, तं आमी अजून तुरीतूनच चाललो होतो.

"उद्या हायवेनं गाडीवर जाऊ?" म्या इचारलं.

"कायले? वाट तं हेच हाये," माय म्हणे.

तुमच्याकडची पांदण कुठं जाऊन थांबली?