टाकी कशाची करायची

मिस्त्रींनी गाडीची पेट्रोलची टाकी खाली उतरवली, उलटी धरली आणि वर्तमानपत्रावर झटकली. चहापत्तीसारखा लालसर चुरा कागदावर पडला. चांगला मूठभर होता.

"एवढं सगळं इंजिनात जात होतं?" माझ्या मुलीनं विचारलं.

"जितना नहीं गया, ये उतना है," मिस्त्री म्हणाले.

दुर्गापूजा आटोपून आठवडा झाला होता. कोलकात्याजवळ बराकपूरला मिस्त्रींचं गॅरेज आहे. तरुणपणी त्यांनी लष्कराच्या ट्रकांच्या टाक्या दुरुस्त केल्या, आता बसच्या करतात. मला ते बौदी म्हणतात, म्हणजे वहिनी. गाडी म्हणजे आमची जुनी हॅचबॅक. नागपूरला घेतलेली, नवऱ्याच्या बदल्यांबरोबर चार शहरं फिरून कोलकात्याला आलेली. नवरा सरकारी कंपनीत आहे. मुलगी आठवडाभर हीच गाडी सॉल्ट लेकच्या ऑफिसला नेते आणि थंडीत एका जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतीत चालवते. तिथं एका वेळी एकच गाडी धावते, घड्याळाविरुद्ध. आदल्या वर्षी गाडी निम्म्या वाटेत गचके खाऊन बंद पडली होती आणि चार जणांनी ती ढकलत बाहेर आणली होती. तरी या डिसेंबरसाठी मुलीनं पहिल्या दिवशीच नाव दिलं.

मी एकच अट घातली. टाकी मागच्या सीटच्या खाली, म्हणजे तिच्या पाठीमागे दोन हातांवर असते. ती टाकी मला पटली नाही तर गाडी शर्यतीला जाणार नाही. मी अट घालून विसरत नाही हे तिला माहीत आहे.

आधी गंज का चढला ते शोधायचं होतं. त्याला वेळ लागला नाही. बदलीच्या वेळी गाडी ट्रकवर चढवायची तर वाहतूकवाले टाकी रिकामी मागतात. पहिल्या बदलीत नवऱ्याला भरलेली टाकी उपसून शेजाऱ्यांना वाटावी लागली होती. तेव्हापासून तो दोन-चार लिटरच्या वर भरतच नाही. न जाणो, ऑर्डर आली तर! बदलीवाल्या घरांत असं बरंच चालतं. आम्ही तांदूळसुद्धा पाच किलोच्या वर घेत नाही. पण रिकाम्या टाकीत हवा असते आणि कोलकात्याच्या हवेत पाणी असतं. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ते पाणी ओढून घेतं. मे महिन्यात आम्ही पुण्याला जाऊन महिनाभर राहतो, तेव्हा गाडी तशीच उभी. पत्रा आतून कुजणार नाही तर काय होईल?

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्यामुळे?"

"बाबा, तुमच्यामुळेच," मुलगी म्हणाली. "तुम्ही गाडीला पण उपास धरायला लावलात."

"तुझ्या आईनं कधी सांगितलं नाही."

ते खरं होतं. पेट्रोल तो भरतो म्हणून मी कधी काटा पाहिला नव्हता.

मूळ टाकी आता बनत नाही. जुन्या सामानाच्या बाजारात दोन मिळाल्या, दोन्ही आमच्या टाकीच्याच बहिणी, आतून तशाच गंजलेल्या. प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही, ठोकर सोसते, वजनालाही हलकी. पण ती साच्यातून निघते आणि आमच्या गाडीचा साचा कुणाकडे नव्हता. दुसऱ्या गाडीची बसवून पाहिली तर एक कोपरा एक्झॉस्टच्या नळीला टेकत होता. गरम नळीला प्लॅस्टिक टेकवायचं नसतं, त्यामुळे तो विषय तिथंच संपला. मोठ्या शर्यतींच्या गाड्यांत रबरी पिशवीची टाकी असते. ती परदेशातून मागवायची आणि ठरावीक वर्षांनी फेकायची. ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ते नको. उरलं अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादी पत्रा.

मुलीला अ‍ॅल्युमिनियम हवं होतं. हलकं, चकचकीत, सगळ्या शर्यतवाल्यांकडे असतं. मला ते मान्य व्हायला तीन आठवडे लागले. मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रंग आणि सॉल्व्हंट भरायचे डबे आणि पिंपं आम्ही करतो. कुठला पत्रा कशानं खाल्ला जातो ते पाहणं हे माझं काम. मी चार बाटल्यांत पंपावरचं पेट्रोल घेतलं, प्रत्येकीत चमचाभर पाणी टाकलं आणि एकेक पट्टी बुडवली: साधा पत्रा, जस्ती पत्रा, अ‍ॅल्युमिनियम, आणि आमच्या पिंपांना आतून देतात तो भाजलेला लेप दिलेला पत्रा. साधी पट्टी चार दिवसांत तांबडी झाली. जस्ताच्या बाटलीत तळाशी पांढरा गाळ बसला. अ‍ॅल्युमिनियमची आणि लेपाची अशा दोन्ही पट्ट्या होत्या तशाच राहिल्या.

"मग अ‍ॅल्युमिनियम?" मुलीनं विचारलं.

"अ‍ॅल्युमिनियम," मी म्हणाले.

तिनं शहरातल्या एका वर्कशॉपमधून टाकी करून आणली. सुबक होती. बराकपूरला मिस्त्रींनी ती हातात घेऊन फिरवली, जोडांवर अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"सुंदर है. लेकिन बौदी, ये हिलेगा."

"सगळंच हलतं," मी म्हणाले.

"लोहा हिलता है तो मुड़ता है. ये हिलता है तो थकता है."

मी त्यांना बाटल्यांबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टाकी बसवून दिली. बसवताना टाकी धरणाऱ्या पट्ट्यांखाली रबर घातलं, तेही न सांगता.

मुलगी रोज त्याच गाडीनं ऑफिसला जायला लागली. वाटेत ट्रामचे जुने रूळ, खणलेले रस्ते, पुलांचे सांधे. मी दर शनिवारी टाकी तपासायचं ठरवलं होतं. आमच्याकडे पिंपांची जुनी तपासणी आहे: जोडावर बाहेरून खडूचा लेप द्यायचा आणि आतलं द्रव कुठून डाग पाडतं का ते पाहायचं. दोन शनिवार खडू पांढरा राहिला. तिसऱ्या शनिवारी मागच्या जोडावर एक करडी रेघ दिसली. केसाएवढी बारीक आणि बोटाच्या पेराएवढी लांब. वास घेतला, पेट्रोलच होतं.

पेट्रोल फार हिंदकळू नये म्हणून टाकीत पत्र्याचा आडवा पडदा असतो, त्याचा जोड बरोबर तिथं होता. पेट्रोल उसळून त्या पडद्यावर आपटत होतं आणि जोड थकत होता. माझ्या बाटल्या शेल्फवर उभ्या होत्या, आणि आमची पिंपंसुद्धा गोदामात उभीच असतात. इतकी वर्षं मी उभ्या राहणाऱ्या वस्तू तपासत आले आणि गाडीही तशीच तपासली.

शर्यतीला पंधरा दिवस उरले होते.

"परत वेल्डिंग करून घेऊ," मुलगी म्हणाली. "एवढीशी रेघ आहे, आई."

"शेजारी दुसरी पडेल."

"पंधरा दिवसांत नाही पडणार."

"शर्यतीत पडली तर?"

ती म्हणाली, "तूच हो म्हणाली होतीस."

"हो, चुकले."

ती भांडायच्या तयारीत आली होती. ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मी बराकपूरला फोन लावला.

मिस्त्रींनी फक्त विचारलं, "जस्ती चादर लाऊँ? बस में वही देता हूँ."

"नको, जस्ताचा पेट्रोलमध्ये गाळ होतो. साधा पत्रा घ्या. आतून लेप मी करून आणते."

"चादर कितना मोटा?"

"तुम्ही ठरवा."

दुसऱ्या दिवशी सियालदह स्टेशनवरून लोकल पकडून मी बराकपूरला गेले. पत्रा कुठे वाकवायचा आणि कुठे जोडायचा यावर आम्ही तासभर बोललो. त्यांचं म्हणणं, जितके जोड कमी तितकं बरं. म्हणून एकाच पत्र्याला तीन घड्या. कोपरे गोल. आत दोन पडदे, पण त्यांच्या कडा वळवून, म्हणजे जोर एका रेघेवर येणार नाही. माझं म्हणणं, वरचं झाकण बोल्टचं हवं, म्हणजे आत लेप फवारता येईल आणि पुढे हात घालून बघता येईल. तळाला पाणी काढायचा बोल्ट हे दोघांनी एकदमच म्हटलं आणि ते पहिल्यांदा हसले.

टाकी तयार झाल्यावर मी साहेबांची रीतसर परवानगी काढून ती कारखान्यात नेली. पिंपांच्या रांगेत लेप देऊन भट्टीत भाजून घेतली. बाहेर आली तेव्हा आतून तपकिरी आणि गुळगुळीत होती. बाहेरून मिस्त्रींनी काळा रंग दिला. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीपेक्षा चांगलीच जड झाली होती. मुलीनं ती उचलून पाहिली आणि म्हणाली, "पाण्याचा बंब आहे हा."

"बंब गळत नाही," नवरा म्हणाला. तो आता मुकाट्यानं टाकी भरून ठेवतो.

आठ दिवस तिनं गाडी नेहमीच्या रस्त्यानं चालवली. मी रोज ऑफिसला निघण्याआधी पार्किंगमध्ये आडवी होऊन खडू बघत होते. वॉचमनला वाटलं, माझं काही हरवलंय. शर्यतीच्या आदल्या दिवशीही खडू पांढराच होता. मी तिला म्हटलं, "जा."

धावपट्टीवर सकाळी धुकं होतं. तपासणीला एक वयस्कर गृहस्थ होते. गाडीखाली वाकून त्यांनी टाकी ठोकली आणि इंग्रजीत विचारलं, लोखंडाची का? मी काही बोलणार इतक्यात मुलगीच बोलली. ही गाडी रोज ऑफिसला जाते, खड्ड्यांतून. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडाला तीन आठवड्यांत चीर गेली. ही वाकेल पण फाटणार नाही. आतून भाजलेला लेप आहे. जोड कुठे कुठे आहेत तेही तिनं बोटानं दाखवलं. गृहस्थांनी कागदावर सही केली.

वजन कमी करायला तिनं तळाचा बोल्ट सोडवून पेट्रोल कॅनमध्ये काढलं, फेरीपुरतं ठेवलं. दुपारच्या आत तिची पाळी आली. गाडी गचका न खाता निघाली, टोकाला वळली आणि परत आली. वेळ फार चांगला नव्हता. तिच्या आधीच्या दोन्ही गाड्या तिच्याहून हलक्या आणि वेगवान होत्या.

हेल्मेट काढून ती आमच्याकडे आली. "जड आहे म्हणून वळणावर मागून खेचते," ती म्हणाली. "ते शिकता येईल. दुसऱ्या फेरीचं नाव देऊ?"

"दे की," मी म्हणाले.

ती नाव द्यायला गेली आणि दुसऱ्या फेरीचं पेट्रोल ओतायला मी कॅन उचलून गाडीकडे निघाले.