पोलादातून चालत गेलेला

नशिराबादजवळच्या शेडमध्ये आधारने जोडलेल्या गॅसच्या पाइपला चीर गेली, हे ऐकून आधी आधारच हसला. धुळ्याकडचा हा गडी अर्धं आयुष्य ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडत आलेला. त्याचा जोड उकलला असं म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती. पण ठेकेदार अभिमननाना हसले नाहीत. "आणखी एक जोड गेला तर परत ट्रॉल्यांकडे जा," म्हणाले. तेव्हा कुठे आधारचं हसू मावळलं.

जोड केला त्या दिवशी तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी यंत्र फिरवलं आणि कडेला केसाएवढी चीर! मधल्या वेळात पाइपला कोणी हातही लावला नव्हता. तो बिचारा गप पडून होता. आधारला आधी राग आला, मग नुसती भीती वाटली.

तपासणीसाठी भुसावळहून वृषाली नावाची इंजिनिअर आली. तिने तुकडा कापून, घासून, भिंगाखाली ठेवून दाखवला. मग विचारलं, "आधारभाऊ, वेल्डिंगचे रॉड कुठे ठेवता?"

आधारने ऐटीत कुलरकडे बोट केलं. मे महिन्यात जळगावात माणूस टिकत नाही, तिथे रॉडचे हाल कशाला? भट्टीत तापवून ठेवायचे, असा इथला नियम म्हणे! त्याने खोका फोडून ते कुलरसमोर गारव्याला मांडले होते. ट्रॉलीच्या रॉडना असल्या लाडांनी काही झालं नव्हतं.

वृषालीने कपाळाला हात लावला, पण रागावली नाही. "कुलरचं पाणी हवेतून रॉडच्या लेपात मुरतं, भाऊ. वेल्डिंगच्या आगीत ते पाणी फुटतं, त्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो. लोखंड गार झालं तरी तो आत फिरत राहतो."

"या पोलादात? फिरतो?" आधारने पाइपवर थाप मारली. पाइप ठणकन वाजला.

"फिरतो. हायड्रोजनचा अणू इतका लहान, की पोलादाच्या अणूंमधूनही वाट काढतो. जोडाच्या कडेला पोलाद कडक झालेलं आणि ताणलेलं असतं, तिथे तो गोळा होतो. तिथलं पोलाद ठिसूळ होतं आणि तडकतं. लगेच नाही. सावकाश."

आधार घरी आला तो भारल्यासारखाच. बायकोने, लिलाबाईने, ताट वाढलं, तर हा पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसलेला.

"काय व्हयनं?" तिने घाबरून विचारलं.

"पोलाद फोडस हाई पानी," तो म्हणाला. "आन आपन पितस!"

लिलाबाईला वाटलं, ऊन लागलं. तिने कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला.

दुसऱ्या सकाळी त्याने नवा जोड घ्यायला सुरुवात केली. भट्टीत भाजलेले रॉड गरम डब्यातून एकेक काढले, पाइप आधी गॅसच्या ज्योतीने तापवला. अंगाची लाही होत होती, पण त्याने कुलरकडे पाहिलंसुद्धा नाही. जोड झाल्यावर पाइप एकदम गार होऊ नये म्हणून त्यावर जाड ब्लँकेट गुंडाळलं. मग वाट पाहणं आलं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पांगले, आणि आधार आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा पाइपपाशी बसून राहिला.

तपासणीच्या दिवशी वृषालीने जोडाभोवती यंत्र सावकाश फिरवलं, पुन्हा फिरवलं. "स्वच्छ आहे."

"म्हणजे तो शिरलाच नाही?"

"थोडा शिरतोच. पण यावेळी मुळातच कमी होता, आणि पाइप उबदार असल्यामुळे त्याला वेळ मिळाला. निघून गेला."

"कुठून? भोक तर कुठेच नाही."

"भोक लागतच नाही त्याला. पोलादातूनच चालत गेला, हवेत."

आधारने पाइपवर तळवा टेकवला. इतकी वर्षं ज्याला तो घट्ट समजत आला होता, त्यातून कोणीतरी दार न उघडता बाहेर पडलं होतं. त्याच्या अंगावर काटा आला. त्याचं काम टिकलं, परत ट्रॉल्यांकडे जायला नको, हे अभिमननानांना दोनदा सांगावं लागलं.