मामाचं थंड चेंबर आणि माझं लिंकिंग

फैजपूरला माझ्या मामाची केळी पिकवायची वखार आहे. तिच्यातलं एक थंड चेंबर रिकामं करायचं आणि तिथे क्रिप्टोचं मायनिंग करणारे कॉम्प्युटर मांडायचे, हे जळगावच्या एका एजंटाने त्याच्या गळी उतरवलं होतं. कॉम्प्युटर गणितं सोडवणार, त्यातून नाणी मिळणार, मामाने झोपायचं. जागा मामाची, वीज मामाची, सही संध्याकाळी. चेंबरमध्ये काम करणाऱ्या दोघी बायांचं काय, असं मी विचारलं, तर एजंट म्हणाला, प्रगतीत थोडं इकडेतिकडे होतंच.

मी फसव्या योजनांविरुद्ध पत्रकं काढते. त्या सकाळीही काढलं. मामाने ते वाचलं, नीट घडी घातली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. म्हणाला, "हे कागदावरचं झालं. चालवून दाखव."

चालवून तर एजंटानेही दाखवलं नव्हतं. वखारीच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, त्याच्यावर आमचं बसत नाही, असं सांगून तो सुटला होता. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, मीच टाकली होती, चोरीच्या विंडोजवर धंदा चालवायचा नाही या तत्त्वापायी. एजंटाला पळवाट माझ्या तत्त्वाने दिली, तर बुजवायला मीच बसले.

मायनिंगच्या एका खुल्या प्रोग्रामचा कोड उतरवला आणि त्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर लावला. तो अर्ध्यातच मेला. मेमरी कमी, आणि मी सगळी कामं त्याच्या अंगावर एकदम टाकली होती. एकेक दिलं, तेव्हा झालं. मग लिंकिंग, म्हणजे तयार झालेले सुटे भाग आणि बाहेरची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या फंक्शनांचा साठा, एकत्र जोडणं. लिंकरने पानभर तक्रार केली: हे फंक्शन सापडत नाही, तेही सापडत नाही. लायब्ररी बसवली, आज्ञेत तिचं नाव लिहिलं. तीच तक्रार. काढून पुन्हा बसवली. तीच.

मामा डोकावून गेला. "झालं का व तुह्यं आंदोलन?"

लायब्ररीचं नाव मी सगळ्यांच्या आधी लिहीत होते. पत्रकाची सवय. पाठिंबा देणाऱ्या संघटना आम्ही माथ्यावर छापतो, कारण लोक आधी सोबत कोण आहे ते बघतात. लिंकर तसं बघत नाही. तो ओळ डावीकडून वाचत जातो. लायब्ररीपाशी पोचेपर्यंत तिच्याकडे कुणी काही मागितलेलं नसेल, तर तिला सोडून पुढे जातो आणि मागे वळत नाही. आधी मागणी, मग पुरवठा. ज्या नियमासाठी आम्ही कचेऱ्यांपुढे उन्हात बसतो, तो इथे काटेकोर पाळला जात होता आणि मोडत होते मी. नाव उचलून शेवटी टाकलं. जोडलं गेलं.

मामाला हाक मारली. पडद्यावर आकडे धावत होते, पंखा घोंगावत होता.

"म्हणजे चालते की," मामा म्हणाला. तो खूश दिसला.

एजंटाचं काम मी फुकटात करून दिलं होतं. 

मामा कॉम्प्युटरच्या मागे गेला. पिकताना केळी तापतात, म्हणून तो दिवसभर कॅरेटमध्ये हात घालून बघत असतो. तसाच त्याने तिथे तळहात धरला. थोडा वेळ धरला, मग काढला.

"असे किती मांडन तो?"

"चेंबर भरून."

"अन् यायले थंड कोण करन?"

"चेंबरच."

"मीटर कोणाचं?"

 

संध्याकाळी एजंट आला. मामाने वाद घातला नाही. चहा दिला आणि बसायला खुर्ची दिली ती बरोबर कॉम्प्युटरच्या मागे. एजंट घाम पुसत करार समजावत राहिला. मामा म्हणाला, चेंबरमध्ये उद्या माल भरायचा आहे.

उठताना एजंटाने मला हळूच विचारलं, लिनक्सवर हे बसवलं कसं, आमच्या माणसाला लिंकिंग जमत नाही. मी वाकले, टेबलाखालचं पत्रक काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

टेबल तेव्हापासून पुन्हा हलतं.