अमेरिकेची तबकडी आणि नानांची मंगलाष्टकं

माझ्या वडिलांचा जाहीर सत्कार मी आयुष्यात एकदाच घडवून आणला, आणि त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

दोष अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याचा. माझा आतेभाऊ वसंता तिकडे इंजिनियर आहे. त्याने कुणाच्या तरी सामानातून दोन तबकड्यांचा एक अल्बम पाठवला. वर पिकल्या केसांचा एक गृहस्थ पियानोपाशी बसलेला. सोबत चिठ्ठी : "दिवाकर, हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी गाणी लिहीत आला. गायचे ते, नाव त्यांचं. आता म्हातारपणी त्याची सगळी गाणी त्याच्याच आवाजात एकत्र निघाली आहेत. तिकडे या गाण्यांना सोल म्हणतात, म्हणजे आत्मा. तू इंग्रजीचा मास्तर. नीट ऐक आणि काय वाटलं ते कळव."

इंग्रजीचा मास्तर म्हटल्यावर माघार घेता येईना. (बुऱ्हाणपुरात मी इंग्रजी हिंदीतून शिकवतो, हे वसंताला ठाऊक नाही.) शनवाऱ्यातल्या रफिकभाईंकडून प्लेअर आणला. लग्नाकार्याला लाउडस्पीकर लावणारे तेच. पहिली तबकडी संपली तेव्हा मला एक अक्षर कळलेलं नव्हतं.

"याला सर्दी झालीय का?" बायकोने, म्हणजे सुमतीने, आतून विचारलं.

"हा सोल आहे," मी म्हणालो.

"मग वाफ घ्यायला सांगा."

पण मी हटलो नाही. रोज शाळेतून आलो की चहा, डिक्शनरी आणि तबकडी. शेजारचे लोक तब्येतीची चौकशी करून गेले. सातव्या दिवशी रफिकभाई प्लेअर परत न्यायला आले आणि दारातच थबकले. पूर्ण गाणं त्यांनी उभ्याने ऐकलं.

"मास्टरसाब, हा माणूस गात नाही," ते म्हणाले. "कोणाला तरी समझा रहा है. आणि समोरचा ऐकत नाहीये."

ते प्लेअर ठेवूनच गेले. त्यांच्या त्या एका वाक्याने मला वाट सापडली. बायकोला गाडीत बसवून द्यायला आलेला एक माणूस, असं ते गाणं होतं. जे बोलायचं ते सगळं तो गाडी सुटल्यावर बोलतो, आणि शेवटी एवढंच सांगतो की तिचा जेवणाचा डबा माझ्याच हातात राहिला. आवाज गोड नव्हता, घोगरा होता. पण प्रत्येक शब्द त्याच्या तोंडात घरचा वाटत होता. कव्हरच्या मागे छापलं होतं, की हे गाणं पूर्वी दुसऱ्याच एका गायकाने गाजवलं होतं. मला भरून आलं. डोळे पुसत मान वळवली, तर पलीकडच्या खोलीत नाना, म्हणजे माझे वडील, पाटावर कागद ठेवून मंगलाष्टक लिहीत बसले होते.

आमच्या इतवारा वस्तीत रीत अशी, की लग्न ठरलं की नवरीची आत्या किंवा मावशी नानांकडे नावं देऊन जाते. नाना चार दिवसांत आठ कडवी लिहून देतात. ती गुलाबी कागदावर छापतात आणि खाली "रचना" म्हणून आत्याबाईंचं नाव घालतात. तीस वर्षं हे चाललेलं. आत्याबाई मांडवात गातात, लोक वाहवा करतात, आणि नाना मागच्या रांगेत अक्षता टाकतात. त्यांचं नाव कुठेही, एकदाही छापून आलेलं नाही.

मी त्याच क्षणी ठरवलं. अमेरिकेत होतं ते इथे का होऊ नये? नानांची सगळी मंगलाष्टकं एका कार्यक्रमात गाऊन घ्यायची, आणि शेवटी सांगायचं की ही सगळी या माणसाची.

"नाना, तुमचा सत्कार करायचा आहे."

"नको."

"सगळी मंगलाष्टकं एकत्र म्हणायची."

नानांच्या हातातलं पेन खाली पडलं. "काही गरज नाही," ते म्हणाले. "एकेक लग्नात ती बरी वाटतात. एकत्र कशाला?"

"हाच तुमचा मोठेपणा."

"दिवाकर, मोठेपणा नाही रे. ऐक माझं."

मी ऐकलं नाही. (विनयी माणसाचं ऐकायचं नसतं, असा माझा तेव्हा समज होता.) वाचनालयात राष्ट्रीय एकात्मता सप्ताह चालू होता आणि शुक्रवारची संध्याकाळ मोकळी होती. मी चिटणिसांना सांगितलं, आधी अमेरिका, मग इतवारा, यापेक्षा जास्त एकात्मता कुठे मिळणार? त्यांनी लगेच होकार दिला. मग घरोघर जाऊन पाच आत्याबाई गोळा केल्या. तालीम ठेवली नाही. प्रत्येकीला बजावलं, "दुसरीला सांगू नका, अचानक होऊ द्या."

शुक्रवारी हॉल भरला. दाराशी दराब्याची मिठाई वाटली. रफिकभाईंनी गाडीचं गाणं लावलं, मी त्याचा अर्थ सांगितला, डब्यापाशी दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मी तर ताठ झालो. पहिल्या रांगेत नाना, गळ्यात हार, चेहरा ऑपरेशनला नेत असल्यासारखा.

पहिल्या गंगूआत्या उठल्या. "तापीच्या तटि मांडवात जमले सारे सखे सोयरे, शोभे ही विमला..." टाळ्या पडल्या.

दुसऱ्या आत्या उठल्या. "तापीच्या तटि मांडवात जमले सारे सखे सोयरे, शोभे ही नलिनी..."

लोकांना वाटलं, सुरुवात तेवढी सारखी असेल. पण दुसरं कडवं सारखं, तिसरंही सारखं. तिसऱ्या आत्यांच्या भाचीचं नाव कुसुम, तर तिची कुसुमा झाली होती. चौथीची भाची शकुंतला. वृत्तात मावेना म्हणून नानांनी तिला शकुना करून टाकलं होतं. पाचव्या आत्या उठल्याच नाहीत, कागदाची घडी करून कमरेला खोचून बसल्या.

"गंगूबाई, माझी रचना तुमच्याकडे काहून आली हो?" दुसऱ्या आत्या कडाडल्या.

"तुमची? माझ्या विमलाचं लग्न आधीचं!"

"खाली माझं नाव छापलंय."

"माझं बी छापलंय."

चारही गुलाबी कागद हवेत उंचावले गेले. चोरी कोणी केली, यावर पंधरा मिनिटं खल झाला. चिटणीस "एकात्मता, एकात्मता" म्हणत मध्ये पडले, त्यांना पंख्याच्या खाली नेऊन बसवावं लागलं. मग गंगूआत्यांच्या लक्षात आलं, की चोरीचा आळ टाळायचा एकच रस्ता आहे. त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"माझं नाहीच मुळी हे. नानांनी लिहिलंय."

"माझंही नानांचंच," दुसऱ्या म्हणाल्या. मग तिसऱ्या, मग चौथ्या. पाचव्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "मी तर एक अक्षर लिहिलं नाही."

तीस वर्षं जे नाव नानांना मिळालं नव्हतं, ते पाच बायकांनी हात झटकून दोन मिनिटांत भर सभेत दिलं. मला जे हवं होतं ते अगदी तंतोतंत झालं होतं.

नाना उठले. हार काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला. "पहिल्यांदा चांगलं जमलं होतं," ते सभेला म्हणाले. "म्हणून बदललं नाही." आणि घरी निघून गेले.

घरी परतताना मी सुमतीला म्हणालो, "निदान आपलं तरी वेगळं आहे. एकुलत्या एका मुलासाठी लिहिलेलं." आमच्या लग्नाचं मंगलाष्टक मी काचेत मढवून बैठकीत लावलं होतं. येईल त्याला अकरा वर्षं त्याची पहिली तीन कडवी वाचून दाखवत होतो.

सुमतीने मला काचेसमोर उभं केलं. "चौथं कडवं वाचा."

वाचलं. चौथ्या कडव्यात नवऱ्या मुलाचं नाव मनोहर होतं.

"हा कोण मनोहर?"

"कापसाच्या दलालांचा. आपल्या आधीच्या आठवड्यात लग्न झालं त्याचं."

"तुला कधी कळलं?"

"मांडवातच. म्हटलं, आता अंतरपाट धरलाय, कशाला बोलायचं."

आतून नानांचा आवाज आला. नऊ दिवसांच्या अबोल्याआधीचं ते त्यांचं शेवटचं वाक्य. "वृत्तात दोन्ही नावं बसतात."

दहाव्या दिवशी शाळेतून आलो, तर नाना एकटेच प्लेअरपाशी बसले होते. गाडीचं गाणं चालू होतं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मान हलत होती.

"याची सगळी निराळी आहेत का रे?" त्यांनी विचारलं.

"चोवीसच्या चोवीस."

नानांनी प्लेअर बंद केला. मग पाट ओढला, कोरा कागद घेतला आणि म्हणाले, "त्या पाचव्या आत्याबाईंच्या धाकट्या भाचीचं लग्न आहे. नवीन लिहितो. खाली नाव माझं घालायला सांग, नाहीतर देणार नाही." सत्तरीच्या माणसाने आयुष्यातलं दुसरं मंगलाष्टक सुरू केलं होतं, आणि मला त्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्याला इथून नमस्कार करावासा वाटला.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत वसंताला पत्र लिहून टाकलं. "अल्बम फार आवडला. चोवीस गाणी आणि चोवीसही निराळी, हे किती अवघड असतं ते आमच्या घराला विचार. तुझ्या लग्नाचा गुलाबी कागद असेल तर चौथं कडवं एकदा तपासून घे." खाली सही केली. पाकीट बंद करण्याआधी सुमतीने ती पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि खरं सांगतो, दिवाकरच लिहिलं होतं याची मला खात्री वाटेपर्यंत मी ती तीनदा वाचली.