पाथरीवरून जाणारं विमान

विमानांची जेवढी माहिती माझ्या बायकोच्या मामांना आहे, तेवढी विमान बनवणाऱ्यांनाही नसेल, आणि मामा जन्मात एकदाही विमानात बसलेले नाहीत. त्यांची सारी हयात एसटीत कंडक्टरकी करण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पाथरीच्या त्यांच्या घरातून पाहुणा निघाला की मामा खिशातली किल्ली काढून गेटच्या लोखंडावर दोनदा वाजवतात. दोन ठोके म्हणजे गाडी जाऊ द्या, एक ठोका म्हणजे थांबा. मी एकदा चहा न घेता निघालो, तर टण्णकन एकच ठोका पडला आणि मला मुकाट्याने परत येऊन बसावं लागलं.

विमानाकडेही मामा कंडक्टरच्याच नजरेने बघतात. "जगात कुठंबी जावा, विमानात डाव्या बाजूनंच चढत्यात. आपल्या एसटीचा दरवाजा कुठं हाय? डावीकडंच. मंग?" विमानात विडी-सिगारेटला सक्त मनाई, तरी संडासात ती विझवायची वाटी लावलेलीच असते, कारण न ऐकणारा एखादा निघतोच आणि त्याने जळतं थोटूक कचऱ्यात टाकू नये. हे सांगताना मामांना विमानवाल्यांचं भारी कौतुक वाटतं. "पासिंजर वळखून हायेत लोकं," म्हणतात. सीटांना नंबर देताना इंग्रजी आय हे अक्षर गाळतात, ते एकच्या आकड्यासारखं दिसतं म्हणून, हे मी निदान दहा वेळा ऐकलंय. मोठ्या विमानात ए खिडकीला आणि ई बरोबर मधोमध, हे तर ते पाढ्यासारखं घडाघडा म्हणतात.

माझ्या मेहुणीच्या लग्नात मात्र कहर झाला. वऱ्हाडाच्या बसवर दोन ड्रायव्हर होते. मामांनी एकाला जिलबी-मसालेभात वाढायला लावला आणि दुसऱ्याला नुसतं वरण-भात. "दोन पायलटला एकसारखं जेवण देत न्हाईत. एकाला बाधलं तर दुसरा धड पायजे का न्हाई?" वरण-भातवाला रुसून लिंबाखाली जाऊन बसला आणि पाठवणी तासभर खोळंबली. शेवटी मामींनी पदराआड जिलब्या नेऊन त्याची समजूत काढली. मामांना त्याचं काहीच नाही. "नांदेडला सगळे सुखरूप पोचले ना? मंग बास."

हे वेड मामांना उपजत नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी ज्योती नोकरीसाठी जर्मनीला गेली, त्या दिवसापासून मामा मोबाइल डोळ्यांशी धरून विमानांचा अभ्यास करायला बसले. "गाडीची म्हाईती नसताना पोरीला गाडीत बसवायचं व्हय?" एवढंच त्यांचं म्हणणं. ज्योती त्यांना सारखी बोलावते, पण मामींना दमा, त्यांना एकटं सोडून जायचं कसं? तीच दोन वर्षांतून एकदा येते आणि पंधरा दिवसांत जाते. वर गेल्यावर जिभेला मिठाची चव कमी लागते म्हणून मामा तिच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीत दुप्पट मीठ घालायला लावतात. ती बिचारी तीही खाते.

मागच्या खेपेला त्यांनी मोबाइलवर शोधून काढलं की ज्योतीचं हैदराबादहून सुटणारं सकाळचं विमान पाथरीवरूनच पुढे जातं. मग काय! पोरीनं जाताजाता एकदा घर बघावं, एवढ्यासाठी मामांनी गच्चीवर आपली चार पांढरी धोतरं अंथरली आणि कडांवर विटा ठेवल्या. "ह्यायला येड लागलंय," असं म्हणत मामीच विटा वर आणत होत्या. दुसऱ्या दिवशी फोनवर मामांनी पहिला प्रश्न विचारला, "दिसलं का गं?" ज्योती म्हणाली, "दिसलं ना बाबा. पांढरं शुभ्र." मामांनी गल्लीभर पेढे वाटले.

परवा ती पुन्हा गेली. योगायोगाने मी पाथरीतच होतो, तेव्हा धोतरांचं एक टोक माझ्या हाती आलं. मला चेष्टा सुचली. "मामा, यंदा पिवळी रंगवू या का? मागच्यापेक्षा लांबून दिसतील."

मामा विटेवरची धूळ पुसत राहिले. "मागं तिला कायबी दिसलं न्हाई, जावईबापू. तिकिटाचा फोटो मी बघितला व्हता. ईची सीट. मधोमध. दोन्हीकडं मानसं. खिडकी कुठली आली?"

"मग तिला बोलला नाहीत?"

"माज्यासाठी बोलली ती. मी कशाला खोटी पाडू?"

"आणि यंदाची सीट?"

"यंदा इचारलंच न्हाई."

मी धोतराची सुरकुती उगाच सारखी करत बसलो. तेवढ्यात खालून पायऱ्यांवरून मामींची हाक आली, "आलं का वो?" आणि खरंच हैदराबादच्या अंगाला एक ठिपका चमकला. मागे पांढरी रेघ ओढत तो आमच्या डोक्यावर आला. आवाज अंमळ उशिराच पोचला. मामांनी टोपी काढून हात हलवला, मीही हलवला. मग सवयीने त्यांचा हात खिशात गेला. त्यांनी किल्ली काढली आणि गच्चीच्या लोखंडी कठड्यावर वाजवली.

टण्ण.

दुसऱ्या ठोक्याची मी वाट बघत होतो. मामांनी किल्ली पुन्हा खिशात ठेवली आणि विमान दिसेनासं होईपर्यंत ते तसेच वर बघत उभे राहिले.